कॅज्युअल्टीतली गर्दी कुणाच्या नावावर लिहायची?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या पेशंटचा विभाग. एका स्ट्रेचरवर दोन पेशंट, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. भिंतीला लागून जमिनीवर चादरी आणि चादरींवर माणसं. मधोमध एक नातेवाईक कोवळ्या वयाच्या निवासी डॉक्टरच्या अंगावर धावून जातोय आणि वॉर्डबॉय मामा त्याला मागे ओढतोय. खाली नेहमीच्या प्रतिक्रिया. लोक सर्दीखोकल्यालासुद्धा कॅज्युअल्टीत जातात. सरकारी डॉक्टर जागेवर नसतात. फुकट मिळतं म्हणून झुंबड. शेवटी एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, लोकसंख्याच एवढी आहे, सरकार तरी कुठे कुठे पुरं पडणार?

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माझी नोकरी झाली. आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका, आणि त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत. हे शेवटचं वाक्य मी सगळी नोकरीभर ऐकलं. नातेवाइकांकडून ऐकलं, पत्रकारांकडून ऐकलं, पाहणीला येणाऱ्या साहेबांकडूनही ऐकलं. ग्रुपवर चार ओळींत उत्तर देता येण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी सर्दीखोकल्याचं बोलू. असे पेशंट येतात, खरंय. ओपीडी दुपारी बंद होते, मजुरी बुडवून सकाळी रांगेत उभं राहणं परवडत नाही, म्हणून माणसं संध्याकाळी येतात. पण असा पेशंट गोळ्यांची पुडी घेऊन पाच-दहा मिनिटांत बाहेर पडतो. त्याला ना खाट लागते, ना ऑक्सिजनचा पॉइंट, ना सिस्टर. त्याच्यामुळे रांग लांब दिसते, पण जागा अडत नाही. जागा अडते ती ज्यांच्या केस पेपरवर डॉक्टरांनी ‘ॲडमिट’ लिहून झालंय त्यांच्यामुळे. वॉर्डात फोन केला की तिकडची सिस्टर म्हणते, ‘ताई, थोडा वेळ तुमच्याकडेच ठेवा हो, खाली टाकायलाही जागा नाही.’ तो थोडा वेळ म्हणजे कधी चार तास, कधी रात्रभर. तोवर नवीन ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहते. मोरी तुंबली की पाणी आपल्याला मोरीच्या तोंडाशी दिसतं, बोळा मात्र पुढे पाइपात अडकलेला असतो. कॅज्युअल्टीचं अगदी तसंच आहे. तिथे कितीही पोछा मारा, कितीही सुरक्षारक्षक उभे करा, पाणी उतरत नाही.

आणि वॉर्ड का भरलेले असतात? पाचशे खाटांच्या मंजुरीवर आठशे-हजार पेशंट ठेवणारी रुग्णालयं महाराष्ट्रात काही अपवाद नाहीत. खाटा मंजूर होतात त्या हिशोबानं पदं मंजूर होतात, त्यातलीही सगळी भरली जात नाहीत, आणि पेशंट मात्र येतील तेवढे घ्यावे लागतात. नीती आयोगानं एम्सबरोबर देशभरातल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन सेवांची पाहणी केली होती, २०२१मध्ये तिचा अहवाल आला. त्यात आपत्कालीन विभागाच्या खाटा एकूण खाटांच्या जेमतेम ३ ते ५ टक्के निघाल्या. दाखल होणाऱ्यांत तातडीच्या पेशंटचा वाटा याच्या कितीतरी पट असतो. दार एवढं अरुंद ठेवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, निदान रुंद करायचं नाही हे तरी ठरवलेलं असतंच.

एक रात्र सांगते. पावसाळ्याचे दिवस. विशीतला एक मुलगा, रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेली. मण्यारीच्या दंशाला ना फारशी सूज, ना फार दुखणं; पहाटेपर्यंत पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, मग श्वासाचे स्नायूच थांबतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयानं आपलं काम केलं होतं. सर्पविषाची लस दिली होती, श्वासनलिकेत नळी घालून १०८च्या ॲम्ब्युलन्समधून पाठवलं होतं. आमच्याकडे आला तेव्हा आयसीयूतला एकही व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या भावाला पुढे बोलावलं. अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा, त्याच्या हातात दिली. ‘एक, दोन, तीन, चार, पाच म्हण, आणि दाब. जास्त जोरात नको, छाती उचललेली दिसली की पुरे.’ तो शेतकरी गडी, हात राकट, पण पहिले काही मिनिटं ते हात थरथरत होते. मग लय लागली. मी दुसऱ्या पेशंटकडे गेले तरी मागून त्याचे आकडे ऐकू येत होते. मध्ये त्याच्या चुलतभावानं घेतलं, मग गावातल्या एका पोरानं घेतलं. सकाळ व्हायच्या आधी आयसीयूतला एक पेशंट गेला आणि व्हेंटिलेटर मोकळा झाला. मण्यारीचा पेशंट एवढा काळ श्वासावर धरला की बहुतेक वेळा वाचतो, पूर्ण बरा होतो. तो मुलगा काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते भावाचं कौतुक करतात. करावंच. पण मला त्या रात्रीपासून छळणारा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना तीन धडधाकट माणसं सोबत आणता आली नाहीत, त्यांनी काय करायचं? सरकारी आयसीयूत खाट नसली की आम्ही घरच्यांच्या मनगटावर माणूस जगवतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा, तिनं अंबू बॅग नातेवाइकांच्या हातात दिलेली असतेच. कुठल्याही नियमात ही पद्धत बसत नाही, आणि कुठल्याही अहवालात ती येत नाही.

आता त्या मुलाचा प्रवास उलटा बघा. लस तालुक्यात होती, तरी त्याला जिल्ह्याला का यावं लागलं? ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं. त्याच्या वर ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, खाली प्राथमिक आरोग्य केंद्र. कागदावर साखळी चांगली आहे, अगदी विचार करून आखलेली. पण तालुक्यात भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही. फिजिशियन नसेल तर श्वासाचा पेशंट थांबवता येत नाही. कोविडच्या वर्षांत व्हेंटिलेटर अनेक तालुक्यांपर्यंत पोचले. ते रात्री दोन वाजता चालवणारा माणूस पोचला नाही. मग तिथला डॉक्टर, बहुतेक वेळा एकटाच, रेफरची चिठ्ठी लिहितो. ‘पुढील उपचारांसाठी वरिष्ठ रुग्णालयात.’ त्याला दोष देणं सोपं आहे. मी त्या चिठ्ठ्या हजारोंनी हातात घेतल्यात, आणि शनिवारी दुपारनंतर त्या वाढायच्या हेही बघितलंय. पण एकट्या माणसानं जोखीम घेऊन पेशंट दगावला तर उद्या गावकरी त्याला धरणार, परवा चौकशी त्याचीच होणार. रेफर केला तर त्याला कुणी काही विचारत नाही. व्यवस्था अशी बांधली की चिठ्ठी लिहिणंच शहाणपणाचं ठरतं.

आणि खाली नीट काम झालं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली आणि कोकणात विंचवानं दगावणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आणलं. ही माणसं मुंबईच्या कॅज्युअल्टीत पोचलीच नसती, वाटेत गेली असती. प्राथमिक आरोग्य केंद्रात जागरूक डॉक्टर टिकला की जिल्ह्याचं दार आपोआप मोकळं होतं. आमच्या प्रशिक्षणात मी नव्या मुलींना हे नेहमी सांगायचे.

दुसरी गोष्ट खासगी दवाखान्यांची. पेशंट आधी तिकडे जातो, डिपॉझिट भरतो, दागिने मोडतो, आणि पैसे संपले की सरकारीत येतो. तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात किंवा जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला असतो. मृत्यू आमच्या रजिस्टरला लागतो. हे सगळं खरं आहे आणि सरकारी वकील कोर्टात हेच सांगतात. पण खासगी दवाखान्यांवर देखरेख कुणाची? धर्मादाय रुग्णालयांनी तातडीचा पेशंट डिपॉझिट न मागता घेतला पाहिजे आणि गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत ठेवल्या पाहिजेत, हा नियम अंमलात आणायचा कुणी? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण ५ लाखांपर्यंत वाढवलं, चांगलं केलं. पण कार्डानं रात्री खाट तयार होत नाही. सगळीकडून फिरून प्रश्न पुन्हा मंत्रालयातच जातो.

त्यातही मंत्रालयात एकच खोली असती तर बरं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा कारभार सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मुंबई, पुणे, ठाण्यात महापालिकांची वेगळी रुग्णालयं. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत झाले, तेव्हा आमच्याकडे येणारी माणसं विचारायची, ‘मग इथं कशाचे पैसे घेता?’ त्यांना काय सांगायचं, की हा दवाखाना दुसऱ्या मंत्र्यांचा आहे? जिल्हा रुग्णालयाच्या जागी वैद्यकीय महाविद्यालय आलं की गाव आनंदानं फटाके वाजवतं. ९ ऑक्टोबर २०२४ला एकाच दिवशी राज्यात दहा नवीन सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मलाही आनंद झाला, मुलांना जागा मिळाल्या. पण खाटा बहुतेक जुन्याच असतात, फक्त पाटी आणि मालक बदलतो. महाविद्यालय नावाला मोठं झाल्यामुळे शेजारच्या चार जिल्ह्यांतून रेफर मात्र वाढतात.

२०२३ साल आठवा. ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ मृत्यू झाले. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी मूळ जागेवरून हललं होतं आणि त्याचा भार ठाणे महापालिकेच्या या रुग्णालयावर आला होता. एक दवाखाना हलवताना त्याचे पेशंट कुठे जाणार, हा विचार आधी करायचा असतो. तो करणं डॉक्टरचं काम नाही, सिस्टरचं नाही, आणि पेशंटचं तर नाहीच नाही.

मग ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात बाळं. दोन दिवसांत आकडा ३१वर गेला. पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातून तशाच मृत्यूंच्या बातम्या आल्या. त्या दिवसांत आम्हा मराठवाड्यातल्या सिस्टरांचे फोन थांबत नव्हते. नवजात बाळांच्या कक्षात एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर, दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागतात तेव्हा काय वाटतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका बाळाचा संसर्ग दुसऱ्याला होणार हे कळतं. बाहेर उभ्या असलेल्या आईला परत पाठवायचं तर जायचं कुठे तिनं, हेही कळतं. आपण दोन्ही बघतो आणि बाळ आत घेतो.

त्या वेळी नांदेडला एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं. पुढे अधिष्ठात्यांवरच गुन्हाही दाखल झाला. मला त्या चित्राचा अजूनही संताप येतो. संडास घाण होता म्हणजे चतुर्थ श्रेणीची पदं भरलेली नव्हती. पदं अधिष्ठाता भरत नाही. औषधं नव्हती, तर खरेदीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं, आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, मग नव्या खरेदी प्राधिकरणाकडे. खरेदीचं धोरण अधिष्ठाता ठरवत नाही. ज्याच्या हातात अधिकार नाहीत त्याला सगळ्यांसमोर झुकवायचं आणि ज्याच्या हातात आहेत त्यानं मदतीची घोषणा करून गाडीत बसायचं. असं झालं की दवाखान्यातला प्रत्येक माणूस एकच धडा शिकतो, अंगावर काही येऊ द्यायचं नाही. मग चिठ्ठ्या आणखी वाढतात.

मुंबई उच्च न्यायालयानं त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पेशंट शेवटच्या घटकेला खासगीतून आले, सरकारी रुग्णालयांवर भार फार आहे, अशी बाजू मांडली गेली तेव्हा न्यायालयानं ती मानली नाही. भार आहे हे सांगून शासनाला जबाबदारी झटकता येणार नाही, असंच त्याचं म्हणणं होतं. रिक्त पदं किती, औषधखरेदीच्या प्राधिकरणाला पूर्णवेळ अधिकारी का नाही, असे प्रश्न निघाले. प्रश्न बरोबर माणसाला विचारले गेले, याचंच मला मोठं समाधान वाटलं.

खरं तर हा निकाल देशात फार आधी लागलेला आहे. आमच्या एका वकील मैत्रिणीनं तो मला वाचायला दिला आणि मी तो अजून जपून ठेवलाय. पश्चिम बंगालमधला हाकिम शेख नावाचा शेतमजूर ८ जुलै १९९२च्या संध्याकाळी मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे सोय नाही. मध्यरात्रीच्या सुमारास कलकत्त्याचं नीलरतन सरकार रुग्णालय. तिथे तपासलं, एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करा असं लिहिलंसुद्धा, पण शल्यचिकित्सेच्या वॉर्डात खाट नव्हती. मग मेडिकल कॉलेज, खाट नाही. शंभुनाथ पंडित, नाही. नॅशनल मेडिकल कॉलेज, नाही. बांगूर इन्स्टिट्यूट, नाही. एसएसकेएम, तिथेही घेतलं नाही. शेवटी खासगी रुग्णालयात तो वाचला आणि १७,००० रुपये गेले. शेतमजुराला, १९९२ साली.

६ मे १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तातडीचे उपचार वेळेवर न मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही. गरीब आरोपीला मोफत वकील देताना जसं पैशाचं कारण चालत नाही तसंच इथेही. हाकिम शेखला २५,००० रुपये भरपाई मिळाली. मात्र मी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचते तो पुढच्या भागासाठी. राज्यानं नेमलेल्या चौकशी समितीच्या शिफारशी न्यायालयानं उचलून धरल्या. खाट नसेल तर गंभीर पेशंटला ट्रॉलीवर, अगदीच गरज पडली तर जमिनीवरही ठेवा, पण परत पाठवू नका. आणि कुठल्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे कळणारी मध्यवर्ती यंत्रणा उभी करा, वायरलेसनं जोडलेली.

या दोन शिफारशींचं पुढे काय झालं? जमिनीवर ठेवायचं तेवढं आपण तंतोतंत उचललं. तो अपवादाचा उपाय होता, तेवढ्या वेळापुरता. आमच्याकडे त्याला ‘फ्लोअर बेड’ असं रीतसर नाव पडलं, त्यांचे नंबर पडले, राउंडला डॉक्टर गुडघे टेकून त्यांना तपासायला लागले. दुसरी शिफारस मात्र कागदावरच राहिली.

अशी यंत्रणा करता येत नाही म्हणावं, तर २०२०मध्ये आपण ती करून दाखवली. मुंबईत महापालिकेच्या २४ वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या. कोणत्या रुग्णालयात किती ऑक्सिजनच्या खाटा, किती आयसीयू, हे रोज कळत होतं आणि खाट तिथून दिली जात होती. पुण्यातही डॅशबोर्ड होता. ॲम्ब्युलन्सनं दारोदार फिरायचं नाही, आधी खाट ठरणार मग गाडी निघणार. १९९६ साली सांगितलेली गोष्ट साथीच्या धाकानं काही महिन्यांत झाली. साथ ओसरली आणि ते टेबल, ते फोन, ती पोरं, सगळं गुंडाळलं गेलं. आज १०८ची गाडी येते, तिच्यात डॉक्टर असतो. २०१४ साली ९३७ गाड्यांनी ही सेवा सुरू झाली, तिनं कितीजणांचे जीव वाचवले ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्या डॉक्टरला अजूनही जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पेशंट नेऊन उतरवायचा एवढंच ठाऊक असतं. आत व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे त्याला आमच्या दारात आल्यावर कळतं.

माझं म्हणणं एका गोष्टीवर येऊन थांबतं. कॅज्युअल्टीत आम्ही सगळं लिहितो. एमएलसीचं, म्हणजे पोलिसकेसचं, रजिस्टर वेगळं, मृत्यूचं वेगळं, धोकादायक औषधांचं वेगळं, सिलिंडर कधी बदलला त्याचंही. पण ‘दाखल करा’ लिहिल्यापासून वॉर्डात खाट मिळेपर्यंत पेशंट किती तास स्ट्रेचरवर होता, याचं रजिस्टर मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे कुठेही नव्हतं. अंबू बॅग किती रात्री नातेवाइकांनी दाबली, त्याचंही नाही. खाटेअभावी पुढे पाठवलेला पेशंट पुढे पोचला का, त्याचंही नाही. लिहिलं जात नाही ते मंत्र्यांच्या टेबलावर जात नाही, आणि विधानसभेत विचारायलाही कुणाच्या हाती काही नसतं. म्हणून दर वेळी नांदेड व्हावं लागतं. एकाच दिवशी खूपजण गेले तरच आकडा तयार होतो. रोज एक-दोनजण उशिरामुळे जातात त्यांचा आकडा कुठेच नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिकडेही कॅज्युअल्टी तुडुंब असते, कॉरिडॉरमध्ये पेशंट असतात, हे ती फोनवर सांगते. चार तासांत पेशंट दाखल झाला पाहिजे, घरी गेला पाहिजे किंवा दुसरीकडे हलवला गेला पाहिजे असं त्यांचं २००४पासूनचं उद्दिष्ट आहे, आणि २०१५नंतर देशभराचा आकडा त्या उद्दिष्टापर्यंत पोचलेलाच नाही. तरीही तो दर महिन्याला जाहीर होतो, वर्तमानपत्रांत येतो, आरोग्यमंत्र्याला त्यावर उभं राहून बोलावं लागतं. आपल्याकडे कुणाला असं उभं राहावं लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पैशाचं म्हणाल तर २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा, २०२०पर्यंत, असं लिहिलं होतं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही गेला नाही. एवढ्या श्रीमंत राज्यात हे परवडत नाही असं मला कुणी सांगू नये. २०२२ साली परिचारिका संपावर गेल्या त्या कंत्राटी भरतीविरुद्ध. तेव्हा आम्हाला लोक म्हणाले, पेशंट सोडून कशा गेलात? अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी आयसीयू शिकते, हाताला सवय होते आणि करार संपतो. दर वर्षी नव्यानं शिकवायचं आणि तेवढ्या काळात चुका पेशंटच्या अंगावर. त्या संपात मी होते आणि मला त्याचा अभिमान आहे.

ग्रुपवरच्या त्या सद्गृहस्थांना मी एवढंच कळवलं, की लोकसंख्या अचानक रात्री वाढत नाही. जनगणना सरकार करतं, किती लोकांमागे किती खाटा हे सरकार ठरवतं, पदं सरकार मंजूर करतं आणि रिकामी ठेवतंही सरकारच. पुरं पडणं हेच तर त्याचं काम.

आणि नुसतं लिहून थांबायचं नाही म्हणून आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, बाकी साधा कागद. विचारलंय ते असं: गेल्या वर्षात महिन्यागणिक किती पेशंट रेफर केले आणि कारण काय लिहिलं, भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, किती रात्री दुसरा डॉक्टर ड्युटीवर होता, आणि व्हेंटिलेटर आहेत तर किती चालू आहेत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की जसंच्या तसं इथे टाकते. तुमच्या तालुक्यासाठी कुणाला असाच अर्ज करायचा असेल तर खाली लिहा, मजकूर पाठवते.